न फाटणारी म्हैस

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. लगेच डोळ्यांसमोर पुठ्ठ्याची, नाडीने बांधलेली, कचेरीत धूळ खाणारी फाईल आणू नका. मला पुठ्ठा नाही, नाडी नाही आणि वजनही नाही. मी कॉम्प्युटरच्या पोटात राहते. माझं पूर्ण नाव 'म्हैस फायनल दोन खरी डॉट सीडीआर'. हसू नका. ज्यांनी कुणी डिझाईनच्या दुकानात चार दिवस काढले आहेत, त्यांना ठाऊक आहे की पहिली फायनल कधीच फायनल नसते. दुसरीही नसते. म्हणून शेवटी 'खरी' लिहावं लागतं. आणि सीडीआर हे माझं आडनाव. आमच्यातही आडनावावरून कळतं, कोण कुठल्या घरचं आणि कुणाला काय जमतं.

माझ्यात एका म्हशीचं चित्र आहे. समोरून दिसणारा चेहरा, शांत डोळे आणि दोन्ही बाजूंनी मागे गेलेली लांबच लांब शिंगं. म्हणजे पंढरपुरी म्हैस, हे कोल्हापुरात वेगळं सांगावं लागत नाही. उजवं शिंग अखंड आहे. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं आहे. ते मोडलेलं टोक तेवढं लक्षात ठेवा.

माझा जन्म तेरा वर्षांपूर्वी गंगावेशीजवळच्या एका बोळातल्या दुकानात झाला. दुकान मीरासाब पेंटरांचं. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागच्या ओळी, तालमींच्या भिंती, सगळं त्यांनी हाताने रंगवलं. मग गावोगावी फ्लेक्स आले आणि त्यांच्या ब्रशांना सक्तीची सुट्टी मिळाली. त्यांची लेक खतिजा डीटीपी शिकली आणि ज्या टेबलावर रंगाचे डबे असायचे, तिथेच तिने कॉम्प्युटर मांडला. मीरासाब रुसले नाहीत. त्यांनी शेजारी स्टूल ओढलं आणि पडद्याकडे बघून चुका काढायला सुरुवात केली.

अशात एक दिवस हातकणंगल्याजवळच्या एका गावातून बनाबाई आल्या. त्यांनी अकरा बायकांना गोळा करून दूध संस्था काढली होती आणि संस्थेला चिन्ह हवं होतं. चिन्ह कशाचं, हे त्यांचं आधीच ठरलं होतं. "आमची चंद्री," त्या म्हणाल्या. चंद्री ही त्यांची पहिली म्हैस. महापुरात गोठ्यात पाणी शिरलं, तेव्हा ती दावं तोडून बाहेर पडली आणि तिच्या धक्क्याने गोठ्याचं अडकलेलं दार उघडलं. तिच्या मागोमाग बाकीच्या म्हशीही वाचल्या. शिंगाचं टोक त्या दारातच राहिलं.

मीरासाब एस्टीने त्या गावी गेले. एक अख्खी सकाळ ते चंद्रीसमोर पोत्यावर बसून होते. तिला आधी नीट बघितलं, मग काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि एका पुठ्ठ्यावर तिचा चेहरा उतरवला. तो पुठ्ठा घेऊन ते दुकानात आले. खतिजाने तो स्कॅन केला आणि माझा थोरला भाऊ जन्माला आला. त्याचं आडनाव जेपीजी.

आता दोघांतला फरक सांगते. इचलकरंजीच्या मागावरचं कापड कधी डोळ्याजवळ धरून बघा. लांबून एकसारखं दिसतं, जवळून नुसते आडवे-उभे धागे. माझा भाऊ तसा आहे. तो म्हणजे लाखो बारीक चौकोन आणि प्रत्येक चौकोनाला एकेक रंग. अशा चित्राला रास्टर म्हणतात. तुमच्या वाढदिवसाचा फोटो किंवा रंकाळ्यावरची संध्याकाळ त्यानेच जपावी, ते माझं काम नव्हे. पण त्याला फार मोठं केलं की त्याचे चौकोनही मोठे होतात आणि चित्राच्या कडांना पायऱ्या दिसू लागतात. आमच्या धंद्यात याला 'फोटो फाटला' असं म्हणतात.

माझ्यात चौकोन नाहीत. माझ्यात आज्ञा आहेत. या टिंबापासून नीघ, त्या टिंबापर्यंत जा, वाटेत एवढं वाक, आत काळा रंग भर. मला कुणी उघडलं की कॉम्प्युटर या आज्ञा वाचतो आणि मला पुन्हा पहिल्यापासून काढतो. नखाएवढी काढा नाहीतर भिंतीएवढी, दर वेळी मी नवीच असते. म्हणून मी फाटत नाही. अशा चित्राला व्हेक्टर म्हणतात. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, ते मला कळतं. पण या गुणात माझी स्वतःची कमाई काही नाही. तो मला बाप-लेकीने दिला.

कसा दिला, तेही ऐका. खतिजाने पडद्यावर भावाला खाली ठेवलं आणि त्याच्यावरून माझ्या रेषा ओढायला घेतल्या. उजव्या शिंगाच्या वाकात तिने बावीस टिंबं टाकली. मीरासाब स्टुलावरून पुढे वाकले.

"एवढी टिंबं कशाला गं?" ते म्हणाले. "ब्रश एकदा टेकीवला की शिंग संपंस्तवर उचलायचा न्हाय. मधीमधी थांबलीस की हात कापल्यागत दिसतंय."

खतिजा एकेक टिंब पुसत गेली. शेवटी चार उरली आणि त्या चार टिंबांत शिंगाला असा वाक आला की मीरासाबांनी मांडीवर थाप मारली. मग ती डाव्या शिंगाशी आली.

"अब्बा, हे मोडकं दिसतंय. नीट करू?"

"हात लावू नगंस. मोडलंय म्हणून तर ती चंद्री. न्हाईतर नुसत्या म्हशी काय कमी हाईत व्हय गावात?"

खाली 'महिला दूध संस्था' ही अक्षरंही त्यांनी ब्रशने काढून दिली आणि तीही माझ्यात रेषा होऊन बसली. त्यांच्या मनगटाचा वळसा माझ्यात जसाच्या तसा आहे. त्या दोघांचे उपकार मी कसे विसरू?

पुढची काही वर्षं मी खूप राबले. संस्थेच्या शिक्क्यावर मी रुपयाएवढी होते, तुपाच्या डब्यावर तळहाताएवढी आणि दुधाच्या टेम्पोवर अख्ख्या दरवाजाएवढी. बनाबाई दुकानात आल्या की पडद्यावर मला बघत आणि म्हणत, "आता हंबारंल बघ." मला हंबरता येत नाही याचं तेव्हा फार वाईट वाटायचं.

मग माझे दिवस फिरले. कुणी वाईट वागलं म्हणून नव्हे, तर हातोहाती मोठ्या पडद्याचे मोबाईल आले म्हणून. मला मोबाईलवर उघडता येत नाही. माझ्या भावाला कुठेही उघडता येतं. साहजिकच, कुणाला चिन्ह हवं असलं की भावाला व्हॉट्सॲपवरून पाठवायचे. तो बिचारा या फोनवरून त्या फोनवर पळत राहिला. दर वेळी पाठवताना त्याला दाबून लहान करत आणि त्याचं थोडं काहीतरी वाटेत गळत असे. आधी डोळ्यातली चमक गेली. मग कडा धुरकट झाल्या. एकदा तो एका पिवळ्या टेम्पोवर आपल्या पांढऱ्या चौकोनासकट चिकटल्याचं मी ऐकलं, म्हणजे म्हशीने मागे चादर वाळत घातल्यासारखं. पांढरा चौकोन काढून ठेवणं त्याला जमत नाही. ते आमच्या चुलतभावाला, पीएनजीला, जमतं.

मी त्याच्यावर तेव्हा फार जळत असे. आज तसं वाटत नाही. तो दारोदार हिंडला म्हणून तर चंद्री लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली.

मी कुठे होते? एका सीडीवर. खतिजाने एकदा सगळी चांगली कामं सीड्यांवर उतरवली होती. माझी सीडी मीरासाबांनी तिच्या हातातून घेतली आणि म्हणाले, "हे माझं काम हाय, माझ्या डब्यात ऱ्हाऊ दे." त्यांचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात त्यांचे ब्रश असत. मी त्या ब्रशांच्या खाली गेले आणि दोघंही मला विसरले. पुढे कॉम्प्युटरची हार्डडिस्क उडाली, तेव्हा त्यातली माझी प्रत गेली. खतिजाला वाटलं, मी कायमची गेले. ती पदराने डोळे पुसत होती आणि मी तिच्यापासून चार हातांवर डब्यात गप्प पडून होते.

याच काळात साखरेच्या दुखण्याने मीरासाबांची नजर मंदावली. आधी बारीक अक्षरं गेली, मग चेहरे. शेवटी तर पडद्यावर काय आहे, तेही दिसेना. तरी ते रोज स्टुलावर येऊन बसत, आता चुका न काढता.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका शुक्रवारी सकाळी बनाबाई घाईघाईने दुकानात आल्या. संस्थेने दूध थंड ठेवायची नवी इमारत बांधली होती, रविवारी उद्घाटन होतं आणि समोर वीस फुटी बोर्ड लावायचा होता. त्यांनी खतिजाच्या हातात फोन दिला. फोनमध्ये माझा भाऊ होता.

खतिजाने त्याला मोठं करून बघितलं आणि मान हलवली. "मावशी, हे चालणार न्हाय. वीस फुटाला हे फाटतंय."

"फाटतंय?" बनाबाई म्हणाल्या. "मग जाड कापड घ्या की! आनी कडंनं दोरी घालून शिवून घ्या. वाऱ्याचं गाव हाय आमचं."

खतिजाला हसू आवरेना. कापड नव्हे तर चित्र फाटतं, हे समजावताना तिला बराच वेळ लागला. बनाबाईंना ते पटलं की नाही, कोण जाणे.

मीरासाब कोपऱ्यात ऐकत होते. बनाबाई त्यांच्याकडे वळल्या. "पेंटर, तुमी यायचं बरं का रविवारी."

"येऊन काय करू बाई? एस्टी आली एवढं दिसतंय, एस्टीची पाटी न्हाय दिसत." मग ते बनाबाईंच्या आवाजाकडे वळले. "बोर्ड केवढा म्हणलासा?"

"वीस फुटी."

"वीस फूट," मीरासाब हळूच म्हणाले. "मग दिसंल की. तेवढी मोठी असली तर चंद्री दिसंल मला."

खतिजाने फोन टेबलावर ठेवला. आता तो बोर्ड नुसता संस्थेचा राहिला नव्हता. अब्बांना स्वतःच्या हातचं काम पुन्हा एकदा बघता येणार होतं, आणि ती म्हैस त्यांचीच हवी होती.

तिने फ्लेक्स छापणाऱ्या बाळासोंना फोटो पाठवला आणि काही करता येईल का म्हणून विचारलं. बाळासो मनाने चांगला माणूस. त्याने धुरकट फोटोवरून तासाभरात नवी म्हैस काढून पाठवली. रेषा स्वच्छ, कुठेही फाटत नव्हती. पण वेळ वाचवायला त्याने उजवी बाजू तेवढी काढली आणि मिरर मारला, म्हणजे तीच बाजू उलटी करून डावीकडे जोडली. दोन्ही शिंगं अखंड.

बनाबाईंनी पडद्याकडे एकदाच बघितलं. "ही कुनाची म्हस?"

"मावशी, आपलीच की."

"न्हवं. चंद्री न्हवं ही. हिनं पूर बघितला न्हाय."

खतिजाने पुन्हा फोटो उघडला आणि डाव्या शिंगाच्या टोकाशी गेली. तिथे माझ्या भावाकडे चार करडे चौकोन उरले होते. शिंग नेमकं कुठे आणि कसं मोडलं, हे तो सांगू शकत नव्हता. त्याने जेवढं राखता येईल तेवढं राखलं होतं, हे मी आज शपथेवर सांगते. चंद्रीही आता हयात नव्हती आणि पुठ्ठा कधीच वाळवीने खाल्ला होता.

"माझा डबा आन," मीरासाब म्हणाले.

खतिजाने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि समोर कोरा पुठ्ठा धरला. त्यांनी ब्रश घेतला, रंगात बुडवला आणि अंदाजाने टेकवला. रेषा निघाली, भरकटली आणि पुठ्ठ्याबाहेर गेली. त्यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. त्यांनी ब्रश फडक्याला पुसला, तोही सवयीने अगदी टोकापर्यंत, आणि परत डब्यात ठेवायला हात घातला. त्या वेळी त्या डब्यात मी होते, आणि मला ओरडता आलं असतं तर मी सगळा बोळ गोळा केला असता.

त्यांची बोटं ब्रशांच्या खाली गेली आणि माझ्या कडेला लागली.

"हे काय गं गोल गोल?"

खतिजाने सीडी बाहेर काढली. तिच्यावर तिच्याच अक्षरात स्केच पेनने लिहिलं होतं, 'म्हैस खरी'. तिने बापाचे दोन्ही हात धरले आणि ती मोठ्याने रडायला लागली. बनाबाईंना कळेना की ही बातमी चांगली की वाईट.

पण संकट संपलं नव्हतं. खतिजाच्या नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नव्हती. आजकाल बहुतेक कॉम्प्युटरांना ती नसते. तिने बाळासोला फोन केला. तो म्हणाला, "ताई, माझं एक जुनं धूड हाय अडगळीत. या घिऊन." मिरर मारणारा तोच आणि मला वाचवणाराही तोच. त्या दिवसापासून मी कुणालाही एका चुकीवरून जोखत नाही.

ते जुनं यंत्र घरघरलं. माझ्या सीडीवर ओरखडे होते. एकदा मी उघडले नाही. दुसऱ्यांदा उघडले नाही. बाळासोने सीडी काढली, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली आणि पुन्हा घातली. तिसऱ्यांदा पडद्यावर एक शिंग आलं, मग डोळे, मग दुसरं शिंग. चार टिंबांचा वाक तसाच होता. मोडलेलं टोकही तसंच होतं.

"अक्षरं कर्व्ह केलीसा का?" बाळासोने घाबरत विचारलं. फॉन्टची अक्षरं कर्व्ह, म्हणजे रेषा, करून ठेवली नाहीत तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठीचं काय होतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. एका लग्नाच्या पत्रिकेत त्याने ते भोगलं होतं.

"कर्व्ह करायचा प्रश्नच न्हाय," खतिजा म्हणाली. "ती अब्बांनी हातानं काढल्यात."

बाळासोने मला ओढून वीस फूट केलं. मी फाटले नाही. मग तो खुर्ची वळवून म्हणाला, "ताई, मी ते शिंग नीट करायला नको हुतं."

रविवारी सकाळी खतिजा अब्बांना घेऊन त्या गावी गेली. बोर्ड लावायला बाळासो स्वतः शिडीवर चढला होता. इमारतीसमोर संस्थेच्या बायका नव्या साड्या नेसून उभ्या होत्या. मीरासाबांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं, कारण तिथून मी सगळी दिसत होते. बनाबाईंनी दोरी ओढली आणि माझ्यावरचा पडदा पडला.

मीरासाबांनी डोळे बारीक करून वर बघितलं. खतिजाने त्यांचा दंड घट्ट धरला होता.

"काळं हाय," ते म्हणाले.

"व्हय अब्बा."

त्यांनी बोट वर केलं आणि हवेत माझ्या रेषेवरून फिरवायला लागले. उजवं शिंग, कपाळ, मग डावीकडे. या वेळी रेषा चुकली नाही. डाव्या शिंगाच्या टोकाशी ते अचूक थांबलं.

"हितं मोडलंय."

"व्हय. मोडलेलंच हाय."

"कुणी नीट न्हाय केलं?"

"न्हाय अब्बा. कुणी हात न्हाय लावला."

मीरासाब हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "केवढी झाली गं चंद्री! आनी एवढी होऊन फाटली न्हाय कुठं!"

"मी म्हणलं हुतं की, जाड कापड घ्या म्हणून!" बनाबाई पलीकडून ओरडल्या.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. ज्यांनी मला घडवलं त्यांना दिसण्याइतकं मोठं मला होता आलं. सगळ्यांचे आभार मानायचे तर यादी लांब होईल. पण माझ्या थोरल्या भावाचं नाव मी आधी घेईन. तो धुरकट होऊनही बनाबाईंच्या फोनमध्ये टिकून राहिला, म्हणून तर माझी आठवण निघाली.

आता एक विनंती. तुमच्या घरातही कुणाच्या तरी हातचं काही असेल. आजीने काढलेली नक्षी असेल, वडिलांनी लिहिलेली पाटी असेल. तिचा फोटो काढा, पाठवा, मिरवा. पण मूळ कुठे आहे, ते विचारून ठेवा आणि एकाच जागी ठेवू नका. यंत्रं बदलतात, सीडी घालायची जागा नाहीशी होते, आणि पत्र्याच्या डब्यात दर वेळी कुणाचा हात जाईलच असं नाही. आणि त्यात कुठे काही मोडकं दिसलं, तर नीट करण्याआधी एकदा विचारा.

त्या रविवारी दुकानात परत आल्यावर खतिजाने मला तीन ठिकाणी उतरवून ठेवलं. माझी एक एसव्हीजी आणि एक पीडीएफ प्रतही केली, म्हणजे पुढे कुठलंही यंत्र आलं तरी मी उघडावी. मग तिने माझ्या नावावर बोट ठेवलं.

"अब्बा, नाव काय ठेवू?"

"चंद्री. दुसरं काय?"

तिने 'म्हैस' पुसलं, 'दोन' पुसलं, 'खरी'ही पुसलं. 'फायनल' पुसताना मात्र ती हसली आणि म्हणाली, "आता ह्याची गरज न्हाय."